घरचं दुकान, बायकांचे कपडे आणि ‘वाढ’ : दहा शाखा की तीनच, पण नीट?

शिवणरेघ
मंडळी, घरचाच प्रश्न आहे, पण चव्हाट्यावर मांडतेय.
आमचा व्यवसाय स्त्रियांच्या तयार कपड्यांचा. एका दुकानाची तीन झाली, तिन्ही बरी चालतात. आता घरात दोन तट पडलेत. धाकटा भाऊ म्हणतो, आत्ता दहा शाखा केल्या नाहीत तर दुसरं कोणीतरी करेल आणि आपण बघत बसू. बाबा म्हणतात, तीन दुकानांत काय चाललंय ते मला रात्री झोपायच्या आधी कळतं, दहांतलं कळणार नाही. खरेदी माझ्याकडे, म्हणून दोघंही मलाच विचारतात आणि माझं उत्तर दोघांनाही आवडत नाही.
भाऊ सारखी झारा आणि एच अँड एम या परदेशी कपड्यांच्या साखळ्यांची उदाहरणं देतो. ‘त्याही घरच्याच कंपन्या, त्यांनीही बायकांच्या कपड्यांपासूनच सुरुवात केली.’ तेवढं खरं आहे.
प्रश्न दोन. अशा धंद्यात वाढ मोजायची कशाने? शाखांनी, विक्रीने, की आणखी कशाने? आणि वाढायचं तर घरच्यांनी हातातलं सगळ्यात आधी काय सोडायचं?
अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा. नुसतं ‘शुभेच्छा’ लिहिणाऱ्यांचेही आभार.

कोपऱ्यातला
शुभेच्छा.

जुनाजाणता
भाऊ एच अँड एमचे उदाहरण देत असतील तर ते अर्धे देऊ नये. एर्लिंग पेरसन यांनी १९४७ मध्ये स्वीडनमधील वेस्टेरोस येथे ‘हेन्नेस’ हे दुकान काढले. फक्त स्त्रियांचे कपडे. युद्धानंतर ते अमेरिकेत जाऊन आले होते. कमी भावात भरपूर खप करणारी तिथली मोठी दुकाने पाहून त्यांना ही कल्पना सुचली. परदेशातील पहिले दुकान नॉर्वेत, १९६४ मध्ये. म्हणजे सतरा वर्षे हा माणूस आपल्याच देशात दुकाने लावत होता. १९६८ मध्ये स्टॉकहोममधील मॉरिट्झ विडफोर्स हे शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचे दुकान विकत घेतले. त्यासोबत पुरुषांच्या कपड्यांचा साठा आला आणि मग पुरुष व मुलांचे कपडे सुरू झाले. शेअर बाजारात आले १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये पहिले दुकान २००० मध्ये!
त्रेपन्न वर्षांचा प्रवास आपण एका वाक्यात सांगतो आणि मग घरच्यांना घाई होते.

घाईत_आहे
जुनाजाणता काका, हे सोयीचं उदाहरण झालं. झाराचं बघा की. पहिलं दुकान १९७५ ला, स्पेनमधल्या आ कोरुन्यात. १९८८ ला पोर्तुगालमधलं पोर्तो, १९८९ ला न्यूयॉर्क, १९९० ला पॅरिस. पंधरा वर्षांत चार देश. हळू जाणं म्हणजे शहाणपण असं काही नसतं. हळू जाणारे कितीतरी जण हळूहळूच बंद पडले, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात एवढंच.

जुनाजाणता
@घाईत_आहे, मुद्दा मान्य. फक्त १९७५ च्या आधीची बारा वर्षे तुम्ही सोडलीत. झाराचे संस्थापक अमान्सिओ ओर्तेगा आणि रोसालिया मेरा यांचा कारखाना १९६३ पासून चालू होता. घरात घालायचे गाऊन शिवत असत. दुकान उघडले तेव्हा शिवणकाम, कापडखरेदी, मजुरी, मालाची वेळ हे सगळे त्यांच्या हातात होते. वेग त्यातून आला.

निळी_कात्री
मी कपड्यांच्या दुकानांच्या एका साखळीत माल-नियोजनात काम करते (नाव विचारू नका), म्हणून थोडं सविस्तर.
शिवणरेघताई, शाखा मोजायच्या आधी नग मोजा. समजा एका हंगामाला ४० डिझाइन, प्रत्येकी ३ रंग, ५ साइझ. झाले ६०० प्रकार. प्रत्येक प्रकाराचे फक्त दोन नग ठेवले तरी एका दुकानात १,२०० नग. तीन दुकानांत ३,६००. दहांत १२,०००. पुरुषांच्या शर्टात तोच कट वर्षानुवर्षं चालतो, राहिलेला शर्ट पुढच्या वर्षी विकता येतो. बायकांच्या कपड्यांत गळा बदलला, बाही बदलली, लांबी चार बोटं कमी झाली की मागच्या हंगामाचा माल मागचाच दिसतो. गिऱ्हाइकाला ते रॅकपाशी पोचायच्या आधी कळतं.
दुसरी गोष्ट साइझची. मधल्या साइझ आधी जातात, कडेच्या राहतात. एका दुकानात एम संपलेला असतो आणि दुसऱ्या दुकानात त्याच डिझाइनचे चार एम लटकत असतात. दुकानं तीन असली की फोनवर भागतं. दहा झाली की ते कुणीतरी रोज, आकडे बघून, ठरलेल्या वेळी करावं लागतं. तुमच्याकडे ते कोण करतं?
झाराकडून घ्यायचंच तर हे घ्या. त्यांच्या दुकानांत आठवड्यातून दोनदा माल येतो, आणि फॅशनचा बराच माल स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान असा जवळच बनतो. सुरुवातीला थोडा करायचा, खपतोय असं दिसलं तर पुन्हा करायचा. त्यामुळे अंदाज चुकला तरी थोडक्यात चुकतो.

अबोली७
वाचनखूण साठवली. निळी_कात्री, वेगळा धागा काढ गं यावर.

टाकणटाका
‘गळा बदलला, बाही बदलली’ हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘म्हणजे जुने कपडे खराब झालेले नसतात, हे तुम्हाला माहीत असतं तर.’
यापुढे त्याला धागे वाचून दाखवायचे नाहीत असं ठरवलंय.

अबोली७
@टाकणटाका हहपुवा (हसून हसून पुरे वाट).
मूळ विषयाला धरून : भावाला फॉरेव्हर २१ ची गोष्ट सांगितलीत का? घरच्या मालकीच्या दुकानाला झारापेक्षा ती जास्त जवळची आहे. कोरियातून अमेरिकेत गेलेले दो वॉन चँग आणि जिन सूक चँग, नवरा-बायको. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ९०० चौरस फुटांचं दुकान, तेव्हाचं नाव फॅशन २१. पुढे दोन्ही मुली धंद्यात आल्या. आणि मग सुसाट. सहा वर्षांच्या आत सात देशांवरून सत्तेचाळीस देशांत गेलो आणि त्यात गुंतागुंत फार वाढली, हे त्यांची मुलगी लिंडा चँग हिनेच दिवाळखोरीच्या वेळी सांगितलं. सप्टेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरी. २०२० मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतली दुकानं चालवणारी कंपनी पुन्हा दिवाळखोरीत.

घाईत_आहे
फॉरेव्हर २१ नुसत्या शाखांमुळे नाही बुडाली. मॉल ओस पडत होते, लोक फोनवर कपडे घ्यायला लागले होते.

निळी_कात्री
बरोबर, पण त्यांची दुकानं होती केवढी ते बघ. मॉलमधून बाहेर पडलेल्या मोठ्या दुकानांच्या जागा घेतल्या आणि मग तेवढी जागा भरायला माल भरला. पुरुषांचे कपडे, मुलांचे कपडे, सौंदर्यप्रसाधनं. भाड्याचे करार लांब मुदतीचे. गिऱ्हाईक कमी झालं म्हणून दुकान आपोआप लहान होत नाही. जागा आधी घेतली की खरेदी जागेच्या मापाने होते, मागणीच्या मापाने नाही. माझ्या मते वाढीतला सगळ्यात मोठा सापळा हाच. रिकामा रॅक घरच्यांना बघवत नाही.

शिवणरेघ
‘रिकामा रॅक बघवत नाही’ हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू येतं. बाबा तर रॅक दाट दिसावा म्हणून हँगर जवळजवळ सरकवत... नाही, दाट दिसावा म्हणून मालच मागवतात. भाऊही त्यांचाच मुलगा.
निळी_कात्री, दुकानांमधली साइझची अदलाबदल आमच्याकडे सध्या एक जुन्या काकू बघतात. तिन्ही दुकानांतला माल त्यांना तोंडपाठ आहे. त्या रजेवर गेल्या की आम्ही आंधळे.

फिरतीवर
काकूंचा पगार वाढवा. बाकी धागा नंतर वाचतो.

दुहेरी_नोंद
मी हिशेब तपासणारा माणूस. मोठ्ठं उदाहरण नको, छोटं घ्या.
५० ला आणलेला कपडा १०० ला विकायचा. १०० नग आणले, खरेदी ५,०००. त्यातले ७० पूर्ण किमतीला गेले : ७,०००. उरलेले ३० सेलमध्ये निम्म्या किमतीला : १,५००. विक्री ८,५००, ढोबळ नफा ३,५००.
पुढच्या हंगामात उत्साहाने १५० नग आणले. खरेदी ७,५००. ९० पूर्ण किमतीला गेले : ९,०००. ४० निम्म्याला : २,०००. २० गेलेच नाहीत. विक्री ११,०००.
विक्री वाढली जवळपास २९ टक्के. घरात पेढे. ढोबळ नफा किती? ३,५००. होता तेवढाच. वर २० नग माळ्यावर, जास्तीचा पगार, जास्तीचं भाडं. आणि पुरवठादाराचे पैसे द्यायची तारीख आली की ‘विक्री एवढी वाढली, मग पैसे गेले कुठे’ म्हणून एकमेकांकडे बघायचं.
कागदावर ते २० नग शिल्लक माल म्हणून खरेदीच्याच किमतीला धरले तर नफा ४,५०० दिसतो. सगळ्यांना बरं वाटतं. म्हणून मालाचं वय विचारा. किती माल दोन महिन्यांचा, किती सहा महिन्यांचा, किती वर्षाच्या वरचा.
तर ताई, पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर : वाढ मोजायची ती पूर्ण किमतीला गेलेल्या नगांनी, आणि माल वर्षातून किती वेळा विकून नवा येतो त्यावरून. आणि विक्रीचा आकडा बघायचाच तर नवी शाखा बाजूला ठेवून फक्त जुन्या दुकानांचा बघा.

जुनाजाणता
@दुहेरी_नोंद, उत्तम. यात एच अँड एमसारखी कंपनीही अडकली होती. २०१८ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे पडून असलेला माल चार अब्ज डॉलरच्या वर होता. तेव्हा संस्थापकांचे नातूच मुख्य कार्यकारी अधिकारी होते.

घाईत_आहे
आणि तरी एच अँड एम आजही आहे. अवघड वर्षं निभावून नेण्याएवढी मोठी होती म्हणूनच. तीन दुकानांच्या मालकाला असं एक वर्ष आलं तर काय होईल, याचाही हिशेब मांडा की दुहेरी_नोंद. लहान राहण्यातही धोका आहे. कापडवाला मोठ्या गिऱ्हाइकाला आधी देतो, भाव चांगला देतो, रंग हवा तो देतो. तीन दुकानांना तो ‘बघतो’ म्हणतो. भावाची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय असं नाही, मला खरंच तसं वाटतं.

दुहेरी_नोंद
हे मान्य. कमीत कमी किती नग घ्यायचे याची अट असते, ती तीन दुकानांना जड जाते. सहा दुकानांवर ती सुसह्य होत असेल तर सहा करा. पण मग कारण ‘अट परवडते’ हे असू द्या, ‘दुसरा कोणी करेल’ हे नको.

अर्धी_बाही
मला एक सांगा, सगळ्या बायकांच्या कपड्यांच्या दुकानात सोबत आलेल्या माणसाला बसायला जागा का नसते? मी नेहमी पुतळ्याशेजारी उभा असतो. मागे एकीने माझ्याच बाहीचं कापड चाचपून बघितलं.

टाकणटाका
साइझ विचारला का तिने?

अर्धी_बाही
किंमत विचारली. मी सेलमध्ये आहे असं बायकोने परस्पर सांगितलं.

निळी_कात्री
विनोद बाजूला ठेवला तर खुर्चीचा मुद्दा खरा आहे. सोबतचं माणूस कंटाळलं की खरेदी आटोपती घेतली जाते. एक खुर्ची म्हणजे एका रॅकची जागा, म्हणून मालक देत नाहीत. तोच प्रकार ट्रायल रूमचा. जागा मोजताना ती फुकट गेलेली धरतात. पण कपडा घेण्याचा निर्णय तिथे होतो. उजेड पांढराफटक, आरसा अरुंद, पिशवी टांगायला खुंटी नाही. शिवणरेघताई, चौथ्या दुकानाचा विचार करताय तर त्याआधी तिन्ही दुकानांच्या ट्रायल रूममध्ये स्वतः कपडे घालून बघा.

कोपऱ्यातला
अर्धी_बाही यांना शुभेच्छा.

मधलीसून
वाचत होते, आता लिहावंसं वाटलं. आमच्याकडेही असाच धंदा, आणि तो मोडला तो मालामुळे नाही, माणसांमुळे. प्रत्येक नवी शाखा म्हणजे घरातल्या एकेकाला बसायला दिलेली गादी होती. थोरल्या दिरांना एक, धाकट्यांना एक, चुलतभावाला एक. दुकान कुठे हवं हे गिऱ्हाईक बघून ठरलं नाही, कोणाचं मन राखायचं आहे ते बघून ठरलं. मग प्रत्येकाने आपल्या आवडीचा माल भरला. नाव एक, पाटी एक, आत वेगवेगळी दुकानं. बायकांच्या कपड्यांचा धंदा, आणि खरेदीला एकही बाई नाही. आम्ही घरात बसून सांगायचो की हे कोणी घालत नाही आता. ऐकून घ्यायचे. बस्स, ऐकूनच.
तर ताई, आधी काय सोडायचं या प्रश्नाला माझं उत्तर : शाखा म्हणजे वाटणी ही समजूत. घरातल्या माणसाला कामाचा पगार वेगळा आणि मालकीचा नफा वेगळा, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. आणि खरेदी तुमच्याकडे आहे ना? ती सोडू नका.

अबोली७
मधलीसून, __/\__
खरेदीवरून आठवलं. नल्लीची साड्यांची पेढी १९२८ ची, चेन्नईची. त्या घरातली धंद्यात आलेली पहिली स्त्री म्हणजे लावण्या नल्ली, आणि ती पाचवी पिढी! साड्या नेसणार बायका, दुकान चालवणार चार पिढ्या पुरुष. ती मधे सल्लागार कंपनीत आणि मिंत्रा या ऑनलाइन कपड्यांच्या कंपनीत काम करून परत आली, म्हणजे बाहेरचं बघून आली.

जुनाजाणता
ओर्तेगांच्या कन्या मार्ता यांनीही सुरुवातीला लंडनमधील कंपनीच्याच एका दुकानात विक्रेतीचे काम केले. २०२२ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या. पण त्याआधी सतरा वर्षे कंपनीची सूत्रे पाब्लो इस्ला या घराबाहेरच्या माणसाकडे होती, आणि आताचे मुख्य कार्यकारी अधिकारीही बाहेरचेच. ओर्तेगांकडे मात्र आजही सुमारे ५९ टक्के मालकी आहे. घराने रोजचा कारभार सोडला, मालकी सोडली नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे हे एक उत्तर होऊ शकते.

घाईत_आहे
बघा, शेवटी झारावरच आलात.

मधलीसून
जुनाजाणता काका, अब्जावधींच्या कंपनीला बाहेरचा माणूस मिळतो. तीन दुकानांना कोण मिळणार? चांगला माणूस येतो, वर्षभरात शिकतो आणि स्वतःचं दुकान काढतो. आमच्याकडचा तर समोरच काढून बसला.

दुहेरी_नोंद
म्हणून एकदम ‘व्यवस्थापक’ शोधू नका. एकेक काम घराबाहेर द्या. आधी मोजदाद, मग दुकानांमध्ये माल फिरवणं, मग माणसांच्या पाळ्या. कापडवाल्यांची नावं आणि भाव शेवटपर्यंत घरात ठेवा. सगळं एकाच माणसाला ठाऊक झालं की तो समोर दुकान काढतोच.

निळी_कात्री
शेवटच्या क्षणी निर्णय घेण्याचं एक जुनं उदाहरण, चार भावंडांचं. बेनेटन. लुचानो, जुलियाना, जिल्बेर्तो, कार्लो, इटली, १९६५. त्यांचे स्वेटर आधी बिनरंगाच्या लोकरीत विणून ठेवायचे आणि कोणता रंग खपतोय ते बघून मग रंगवायचे. सगळं शहाणपण त्या ‘मग’मध्ये आहे. तीन दुकानांनाही हे जमतं. एकच कापड, पण सगळं एकदम शिवून घ्यायचं नाही. निम्मं शिवा, निम्मं ताग्यात राहू द्या. तागा पुढच्या हंगामात दुसऱ्या गळ्याने शिवता येतो, शिवलेला कपडा उसवून पुन्हा तागा होत नाही.

घाईत_आहे
@निळी_कात्री हे आवडलं. पण शिवून देणारा म्हणेल, निम्म्या कामाला भाव वाढवून द्या.

निळी_कात्री
म्हणेलच. द्यायचा. नगामागे थोडं जास्त दिलं तरी निम्म्या किमतीच्या सेलपेक्षा स्वस्त पडतं. दुहेरी_नोंद यांचं गणित वर आहेच.

नवखी
आणि ऑनलाइन? कोणीच बोललं नाही. दहा शाखांपेक्षा एक साइट बरी ना?

निळी_कात्री
बरी, पण फुकट नाही. बायकांच्या कपड्यांत साइझ बसली नाही म्हणून परत येणारा माल खूप. एकच ड्रेस दोन साइझमध्ये मागवायचा आणि एक परत करायचा, ही सर्रास रीत आहे. परत आलेला कपडा तपासा, इस्त्री करा, पुन्हा पाकिटात घाला, तोवर हंगाम पुढे गेलेला. झारानेसुद्धा २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये घरून परत पाठवलेल्या मालावर शुल्क लावलं. मी म्हणेन, आधी साइझचे मापतक्ते सरळ करा. एकाच दुकानात एका डिझाइनचा एल आणि दुसऱ्याचा एल वेगळा असेल तर साइट काढून फक्त परतीचा माल वाढेल.

शिवणरेघ
सगळं वाचलं, घरातही वाचून दाखवलं. (टाकणटाका, तुमचा इशारा मिळाला होता, तरी.)
दुहेरी_नोंद, मालाचं वय काढलं. तिसऱ्या दुकानातला माल सगळ्यात जुना निघाला. विक्री सगळ्यात जास्त त्याच दुकानाची, म्हणून तिकडे कोणी बघतच नव्हतं. भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, जुना माल आधी काढतो, पण कापडवाल्याच्या अटीचं काय? तो मुद्दा बाबांनाही पटला. आता असं ठरतंय की चौथं दुकान बघायचं, पण आधीच्या तिन्हींत सहा महिन्यांच्या वरचा माल अर्ध्यावर आल्याशिवाय जागेचा करार करायचा नाही. काकूंच्या हाताखाली एक मुलगी दिली आहे, डोक्यातलं सगळं वहीत उतरवायला. काकू म्हणाल्या, वही कशाला, मी आहे ना.
मधलीसून, पगार वेगळा आणि नफा वेगळा हे मी काल जेवताना काढलं. बाबा काही बोलले नाहीत, आई म्हणाली, माझा कुठे आहे पगार? सुरुवातीची सगळी वर्षं गल्ल्यावर तीच बसायची. आता तो विषय आधी मिटवायचा आहे.

मधलीसून
आईंचा आधी लिहा. मागच्या वर्षांसकट.

टाकणटाका
+१००

दुहेरी_नोंद
एक राहिलं. तिसऱ्या दुकानातला जुना माल तिथेच सेल लावून काढू नका. तिथलं गिऱ्हाईक तुमचं पूर्ण किमतीचं गिऱ्हाईक आहे, त्याला सेलची सवय लागेल. माल एकाच दुकानात गोळा करा आणि तिथून काढा. अदलाबदलीचा वाहतूकखर्च कोणत्या दुकानाच्या नावे टाकता?

शिवणरेघ
पहिल्या दुकानाच्या. सगळंच त्याच्या नावे टाकतो, बाबांच्या वेळेपासून.

दुहेरी_नोंद
ज्याने जास्त माल मागवला त्या दुकानाच्या नावे टाका, पुढच्या महिन्यापासून. आणि मग तिन्हींचे आकडे इथे न टाकता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.